वाचकांचे प्रश्न : हरलेल्या पोरीशी गाडीत काय बोलावं?

प्रश्न : ताई, माझी मुलगी 16 वर्षांची, अकरावीत आहे. ज्युनिअर टेनिसमध्ये चांगली खेळते. यंदा पहिल्यांदाच मोठ्यांच्या 15 हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धांना उतरली. तीन आठवडे गेलो, तिन्ही वेळा क्वालिफाइंगच्या, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या पात्रता सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत हरली. पुण्याहून येताना मी चुका सांगत होतो, तर घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. कर्ज काढून खेळवतोय. कॉलेज सोडून तिला पूर्णवेळ टेनिसलाच लावू का?
– एक वडील, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दादा, आधी गाडीतलं बोलते. मी हरले की माझे वडील सातारा मागे पडेपर्यंत मॅचचा 'म' काढायचे नाहीत. कराडला थांबून गरम भजी घ्यायचे. एकदा मीच अर्धी भजी तशीच ठेवून म्हटलं, "दुसऱ्या सेटला सर्व्हला हातच उठत नव्हता." त्यांनी एवढंच विचारलं, "भीतीनं का दमून?" त्या रात्री मी घरापर्यंत बोलत आले. तुमच्या लेकीला चुका ठाऊक आहेत हो, त्या तिनंच केल्यात. तिला बोलायला जागा ठेवा.

32 जणींच्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या लढतींच्या यादीत, 31 जणी हरूनच घरी जातात. दर आठवड्याला. या स्पर्धांत क्रमवारीचा पहिला गुण मिळतो तो मुख्य ड्रॉतली एक फेरी जिंकल्यावर, आणि तो फक्त एक. 15 हजार डॉलर ही सगळ्यांत वाटली जाणारी रक्कम. लवकर हरणारीचा प्रवास आणि हॉटेलही त्यातून सुटत नाही. म्हणून बक्षिसातून हप्ते फेडायचा हिशेब मांडू नका, आणि हप्त्याची गोष्ट तिच्या कानावर तर अजिबात घालू नका. सर्व्हिसला उभी राहिल्यावर तिला ते आकडे दिसतील.

कॉलेज मात्र सोडू नका. 18 पूर्ण होईपर्यंत मुलींनी व्यावसायिक स्पर्धा किती खेळायच्या, यावर नियमानंच मर्यादा आहे. मग पूर्णवेळ म्हणजे नेमकं काय करणार? ज्युनिअर स्पर्धा चालू ठेवा, मधूनमधून मोठ्यांच्या खेळवा. ऋतुजा भोसले अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. ती वाट तुमच्या लेकीलाही मोकळी राहू दे. तिथं बारावीचे मार्क लागतात.

आणि तिला दुहेरीची जोडीदार बघून द्या. सांगलीची, पुण्याची, कुठलीही चालेल, फक्त दोघींचं पटलं पाहिजे. एकेरीत सोमवारी हरली, तरी दुहेरीत नाव लागलं तर बुधवारी कोर्टवर उतरायला मिळेल. नेटजवळ पाय घट्ट होतील, आणि परतीच्या गाडीत मागच्या सीटवर बडबडायला कुणीतरी असेल.