जन्मल्याबरोबर लस का?

प्रश्न : नवजात बाळाची रोगप्रतिकारक शक्ती अपुरी असते, असे म्हणतात. मग क्षयरोगावरील बीसीजी आणि कावीळ-बची लस जन्मल्याबरोबर का देतात, आणि गोवराच्या लशीसाठी मात्र कित्येक महिने का थांबतात? ही शक्ती चेतवण्याचे काही नवे उपाय आहेत का?
– एक वाचक

उत्तर : ‘अपुरी’ हा शब्द थोडा फसवा आहे. गर्भात असताना बाळाने आईच्या पेशींवर हल्ला करून चालत नाही आणि जन्मानंतर आतड्यात वस्तीला येणारे असंख्य जीवाणूही त्याला खपवून घ्यावे लागतात. त्यामुळे त्याची प्रतिकारयंत्रणा बरीचशी आवरून धरलेली असते. धोक्याची सूचना देणाऱ्या पेशी इंटरल्युकिन-१२ हे लढाईला चेतवणारे रसायन कमी बनवतात आणि प्रतिपिंडे (जंतूंना चिकटून निकामी करणारी प्रथिने) तयार होतात तीही थोडी व अल्पजीवी. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये, उंदराच्या गर्भात परक्या पेशी टोचल्या तर तो उंदीर पुढे त्याच जातकुळीची त्वचा आपली म्हणून स्वीकारतो, असे दाखवले. त्यावरून नवजात जीव फक्त सहन करायला शिकतो, असा समज दृढ झाला. तो १९९६ मध्ये उंदरांवरीलच तीन अभ्यासांनी हलवला : परक्या घटकाची किती मात्रा दिली आणि कोणत्या पेशींनी ती यंत्रणेपुढे मांडली, यावर सहन करणे की लढणे हे ठरते.

बीसीजी ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या जीवाणूंची लस आहे. त्या जीवाणूंच्या आवरणातच यंत्रणेला चेतवणारे घटक असल्यामुळे बाळाच्या टी-पेशी (प्रतिकारयंत्रणेतील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) तिला चांगला प्रतिसाद देतात. कावीळ-बच्या बाबतीत घाईचे कारण निराळे आहे. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो, तर प्रौढांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. म्हणून पहिली मात्रा २४ तासांच्या आत द्यायची असते. गोवराची अडचण बाळाच्या दुबळेपणापेक्षा आईच्या देणगीतून अधिक येते, कारण वारेतून आलेली तिची प्रतिपिंडे लशीतील विषाणूला वाढूच देत नाहीत.

काही जीवाणूंच्या शर्करायुक्त आवरणाला दोन वर्षांखालील मूल जवळजवळ दाद देत नाही. तीच शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडली की टी-पेशींची मदत मिळते. हिब आणि न्यूमोकॉकस या मेंदूज्वर व न्यूमोनिया घडवणाऱ्या जीवाणूंविरुद्धच्या संयुग्मित (अशा जोडलेल्या) लशी याच युक्तीवर उभ्या आहेत, आणि माझ्या मते बाललसीकरणातील ही सर्वांत देखणी युक्ती आहे. आता संशोधकांचे लक्ष लशीचा परिणाम वाढवण्यासाठी तिच्यात मिसळायच्या सहायक द्रव्यांकडे आहे. नवजात रक्तपेशी बहुतेक चेतकांना थंड प्रतिसाद देतात, पण जंतूंची चाहूल घेणारा, टोल-सदृश ग्राहक क्रमांक ८ हा पेशीतला रेणू चेतवला तर त्या जवळजवळ प्रौढांसारख्या जाग्या होतात. मात्र अशी द्रव्ये दाह वाढवू शकतात, म्हणून नवजात बाळांच्या बाबतीत सावधगिरीनेच पुढे जावे लागते.

सध्या हाताशी असलेला मार्ग म्हणजे गर्भवतीलाच लस देणे. डांग्या खोकल्यासाठी तो रुळला आहे आणि २०२३ पासून बाळांच्या श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या आरएसव्ही विषाणूविरुद्धची लसही काही देशांत गर्भवतींना दिली जाते. यात बाळाची यंत्रणा चेतत नाही, त्याला तयार प्रतिपिंडे मिळतात. ती मुख्यतः शेवटच्या तिमाहीत वार ओलांडत असल्यामुळे अकाली जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला कमी येतात. शिवाय तीच प्रतिपिंडे बाळाला पुढे दिलेल्या लशीचा प्रतिसाद काहीसा मंदावतात. तरीही पहिल्या काही महिन्यांत डांग्या खोकला जिवावर बेतू शकतो, हे पाहता हा सौदा मला योग्य वाटतो.