जुन्या कौलारू घरातल्या फटी कशाने बुजवाव्यात? उंदीर-झुरळं येतात आणि एसीची हवाही टिकत नाही

आमचं घर राजापूरजवळ, चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं, आजोबांनी बांधलेलं, त्यामुळे तुमचं दुखणं नीट कळतंय. पहिलं म्हणजे सगळ्याच फटी बुजवायच्या हे डोक्यातून काढा. वासे आणि भिंतीच्या मधली जागा सिमेंटने बंद केलीत तर माळ्यावर वारा खेळणार नाही आणि पावसाळ्यात वाशांना बुरशी धरेल, तिथे पाव इंची भोकांची जीआय (म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची) वेल्डेड जाळी ठोका, वारा येतो उंदीर येत नाही. प्लॅस्टिकची मच्छरजाळी नको, कुरतडतात. आणि जाळी ठोकायच्या आधी वर वटवाघळं नाहीत ना ते बघा, आत कोंडली तर वासाने घर सोडायची वेळ येईल.

खालच्या फटींचं मी आधी चुकलो. डब्यातला फोम आणला, फुस्स करून सगळीकडे मारला, एकदम खूश, आणि पंधरा दिवसांत मोरीच्या पाइपाखाली पिवळा चुरा पडलेला, उंदरांनी आरपार बोगदा पाडलेला. फोमला दात लागतात हो. आता काय करतो, भांडी घासायची स्टीलची घासणी असते ना, ती स्क्रू-ड्रायव्हरने भोकात घट्ट कोंबतो आणि वरून माल (बांधकामाचं कालवलेलं मिश्रण) भरतो. साधं स्टील वूल घेऊ नका, आमच्या खाऱ्या हवेत गंजून त्याचा भुगा होतो. चिऱ्यांच्या सांध्यांना चुना-वाळूचा माल बरा, नुसतं कडक सिमेंट काही वर्षांत पापुद्र्यासारखं सुटून येतं. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर जातो, त्यामुळे "एवढीशी तर फट आहे" असं म्हणूच नका.

फटी शोधायच्या कशा, तर रात्री आत लाइट लावा, बाहेरून चक्कर मारा, उजेड दिसतो तिथे खडूने खूण करा. जिथे भिंतीवर तेलकट काळा पट्टा आणि खाली लेंड्या, तो त्यांचा हायवे. पण बुजवायच्या आधी दोन-चार रात्री पिंजरा लावा, नाहीतर आतले आतच राहतात. झुरळं बहुतेक मोरीतून येतात, तिथे पाण्याचा ट्रॅप (ज्याच्या बाकात पाणी साचून वाट बंद राहते तो) आणि वर जाळी, बास.

एसीचं म्हणाल तर कौलांखाली सीलिंग नसेल तर दाराखिडक्यांना कितीही पट्ट्या लावा, वीज फुकट जाणार. सीलिंग असेल तर पंखा बंद करून चौकटीजवळून अगरबत्ती फिरवा, धूर हलेल तिथे फोमची चिकटपट्टी, दाराखाली ब्रशवाली पट्टी. ज्या न्हाणीघरात गॅस गिझर असेल तिथलं मात्र व्हेंटिलेशन अजिबात बंद करू नका, कार्बन मोनॉक्साइडने माणूस बेशुद्ध पडतो आणि वास पण येत नाही.

आणि हो, दाराची पट्टी जाडी बघून घ्या. मी मे महिन्यात मोजून मस्त टाइट बसवली, जुलैत लाकूड फुगलं आणि दार लागेचना, शेवटी निम्मी पट्टी खरवडून काढली.