साध्या गावची, तुटपुंज्या वर्षाची बाटली

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा पुतण्या फ्रान्समध्ये लियोंला असतो. दिवाळीला येताना त्यानं बर्गंडीच्या रेड वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. लेबलावर ‘साविन्यी-ले-बोन’ आणि २०२१ एवढं मला लागलं. इथल्या एका जाणकार मित्रानं बाटली बघताक्षणी निकाल दिला : ‘गाव किरकोळ आणि वर्ष वाईट. मटणात घालून टाका.’ पुतण्या म्हणतो, त्या वर्षी वाइन फारच कमी झाली, म्हणून मुद्दाम शोधून आणली. दोघांत खरं कोण? उघडायची कधी, आणि तोवर ठेवायची कुठे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मटणात घालू नका. तुमच्या पुतण्यानं फार विचार करून भेट आणली आहे, आणि ती कशी आहे हे नीट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

आधी वर्ष. २०२१ च्या मार्चअखेरीस बर्गंडीत, म्हणजे फ्रान्सच्या या वाइनच्या प्रदेशात, अवेळी ऊन तापलं आणि वेलींचे डोळे फुटले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ५ ते ८ तारखेच्या दरम्यान, लागोपाठच्या रात्रींत पारा शून्याच्या बराच खाली उतरला. काही बागांत बर्फही पडला आणि ओल्या कोवळ्या कोंबांवर गोठून बसला. शेतकऱ्यांनी ओळींमधून मेणाचे डबे पेटवून रात्री जागवल्या. हेक्टरी तीनचारशे डबे लागतात, आणि एका रात्रीचा खर्च छोट्या शेतकऱ्याची कंबर मोडणारा असतो. तिथल्या पांढऱ्या वाइनचं द्राक्ष शार्डोने. त्याचा डोळा लवकर फुटतो, त्यामुळे पांढऱ्या वाइनचं नुकसान सर्वांत मोठं झालं. रेडची पिनो न्वार थोडी मागं असते, ती काही ठिकाणी वाचली. पण पुढचा उन्हाळा थंड आणि पावसाचा निघाला. वेलींवर बुरशीचे रोग आले, डाऊनी आली, भुरी आली. जे घड हिमातून सुटले होते त्यांतले कितीतरी रोगानं गेले. शेवटी कित्येक बागांत पीक निम्म्यावर आलं, काहींत त्याहूनही खाली.

निम्मं म्हणजे किती, ते पिंपांत मोजलं की कळतं. बर्गंडीचं एक पिंप २२८ लिटरचं, म्हणजे सुमारे तीनशे बाटल्या. तिथल्या लहान घरांकडे एखाद्या तुकड्याची चारदोन पिंपंच असतात. त्यातलं निम्मं गेलं तर जगभर वाटायला काहीशे बाटल्या उरतात, आणि त्यातल्या दोन तुमच्या धरमपेठेतल्या घरात आहेत.

इथं एक गैरसमज दूर करते. पीक कमी म्हणजे माल उत्तम, असं पुष्कळ विक्रेते सांगतात. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहराच्या फुलोऱ्यावर गारपीट झाली आणि झाडावर मोजकी फळं राहिली, म्हणून ती आपोआप गोड होत नाहीत. पुढचे महिने ऊन, पाणी आणि रोगराई कशी गेली यावर सगळं ठरतं. द्राक्षाचंही तेच. २०२१ ची वाइन हिमामुळे चांगली झालेली नाही. तिची चव घडवली ती पुढच्या थंड उन्हाळ्यानं.

आणि ही चवच मला मोलाची वाटते. २०१८, २०१९ आणि २०२० ही तीन वर्षं बर्गंडीत उष्ण होती. २०२० मध्ये तर काढणी ऑगस्टमध्येच सुरू झाली. अशा वर्षांत द्राक्षात साखर चढते, वाइनमध्ये अल्कोहोल वाढतं, रंग दाट होतो, फळाची चव पिकून मुरंब्याकडे झुकते. लोकांना ते आवडतं, गुण देणाऱ्यांनाही आवडतं. २०२१ ला काढणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यावर गेली. वाइन हलकी झाली, रंगानं पातळ, आंबटपणा जिवंत, अल्कोहोल बऱ्याचदा साडेबारा-तेराच्या घरात. तुमच्या मित्रानं वर्षाला वाईट म्हटलं ते बहुधा याच पातळपणामुळे. पिनो न्वार मुळात दाट वाइन नव्हेच. तिच्या सालीत रंगच कमी असतो. पेल्यातून पलीकडची बोटं दिसली तर बिघडलं काहीच नाही, ती तशीच असते.

तरी मित्राच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे आणि तो सोडू नये. त्या वर्षी हलगर्जीपणा करणाऱ्यांची वाइन कच्ची, हिरवट, पाणचट झाली. रोगट मणी निवडून टाकायला माणसं लागतात, दिवस लागतात, आणि आधीच थोडक्या पिकातलं आणखी टाकायला धीर लागतो. तरुणपणी मी एका काढणीला साविन्यीत होते. निवडीच्या टेबलावर घड पसरून हातानं एकेक खराब मणी काढायचं काम दुपारपर्यंत कंबर धरायला लावतं, हे मला अजून आठवतं. म्हणून २०२१ मध्ये गावापेक्षा शेतकऱ्याचं नाव मोठं. पुतण्याला विचारा, त्यानं कुणाची आणि का निवडली. ‘मुद्दाम शोधून’ म्हणतो आहे म्हणजे त्याच्याकडे उत्तर असेल.

आता गाव. साविन्यी बोन शहराला खेटून, रोआँ नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात आहे. शेजारी आलोक्स-कोर्तों, जिथली कोर्तों टेकडी ग्राँ क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाची. बोनच्या दुसऱ्या बाजूला पोमार आणि व्होल्ने, दोन्ही नावाजलेली. साविन्यीत एकही ग्राँ क्रू नाही, आणि बागा आजूबाजूच्या मानानं पुष्कळ, साडेतीनशे हेक्टरच्या आसपास. माल जास्त, मुकुट नाही, म्हणून भाव कमी. बर्गंडीत भाव नावाला मिळतो. हिम मात्र नाव विचारून पडत नाही. साविन्यीच्या शेतकऱ्यानं त्या एप्रिलमध्ये तेवढेच डबे पेटवले, तेवढीच फवारणी केली, तेवढेच मणी टाकून दिले, आणि बाटलीमागे शेजाऱ्यापेक्षा बरंच कमी घेतलं. या वाइनला मी कमी लेखलेली म्हणते, ते या हिशेबानं.

लेबल पुन्हा पाहा. गावाच्या नावाखाली ‘प्रमिए क्रू’ आणि एखाद्या बागेचं नाव असेल तर बाटली आणखी वरच्या पायरीची. खोऱ्याच्या दोन बाजूंच्या वाइन वेगळ्या लागतात. व्हर्जेलेस, लाव्हिएर, सेर्पांतिएर ही नावं दक्षिणेकडे तोंड केलेल्या उताराची, त्यांची वाइन नाजूक आणि सुवासिक. समोरच्या बाजूची दोमिनोद, मार्कोने, नार्बांतों ही थोडी धष्टपुष्ट. नुसतं गावाचंच नाव असेल तरी मन लहान करू नका. गेल्या हिवाळ्यात रामदासपेठेत एका स्नेह्यांकडे आम्ही २०२१ चीच साधी साविन्यी उघडली. पहिल्या दहा मिनिटांत फक्त आंबट चेरी आणि ओली माती. मग हळूहळू गुलाबाच्या सुकल्या पाकळ्या, थोडं करवंद, आणि घोट उतरल्यावर डाळिंबाच्या दाण्याचा बारीक तुरटपणा. जेवण संपलं तरी कुणी जड झालं नव्हतं. दुसऱ्या पेल्यासाठी हात आपसूक पुढे जात होता. त्याच टेबलावर एक उष्ण वर्षाची, कितीतरी महाग बाटली होती, ती अर्धी उरली.

ठेवायची कुठे, हा नागपुरात जिवावरचा प्रश्न आहे. मे महिन्यात ४५-४६ अंशांत भिंतीतलं कपाटही तापतं आणि वाइन आतल्या आत शिजते. कूलर चालू असला तरी दुपारी लाइट गेली की संपलं. वाइनचा फ्रिज असेल तर १२-१४ अंशांवर आडवी ठेवा. नसेल तर घरच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कागदात गुंडाळून ठेवा, आणि होळीच्या आत दोन्ही संपवा. वाइनचा फ्रिज असणाऱ्यांनी एक या हिवाळ्यात आणि दुसरी तीनचार वर्षांनी उघडावी. त्याहून लांबवू नये. या वर्षाची गावपातळीची वाइन तारुण्यातच जास्त बोलकी आहे.

उघडायची डिसेंबर-जानेवारीत, रात्री. वाइन १५-१६ अंशांवर असावी. आपल्याकडे त्या दिवसांत बाटली अर्धा तास बाल्कनीत ठेवली की पुरतं. पेला मोठ्या पोटाचा, वर निमुळता, आणि एक तृतीयांशच भरायचा. खोलीत उदबत्ती लावू नका. उन्हाळ्यात कुणी उघडणार असेल तर कूलरला खसाची ताटी नको. खसाचा वास मला प्राणप्रिय आहे, पण पिनो न्वारचा सुगंध त्यापुढे उभा राहत नाही.

जेवायला सावजी करू नका. त्या रश्श्याच्या तिखटापुढे ही वाइन नुसती आंबट लागेल. भाजलेल्या वांग्याचं भरीत करा, तिखट निम्म्यावर आणून, कांद्याची पात भरपूर घालून. भाजल्याचा धुरकट वास आणि या वाइनमधली माती यांचं छान जमतं. तव्यावर मीठमिऱ्यात भाजलेली कोंबडी चालेल. आणि फ्रिजची सोय असेल व दुसरी बाटली पुढच्या एखाद्या पावसाळ्यापर्यंत टिकली, तर बाजारात सात्या येतात तेव्हा त्यांची तुपातली भाजी करा, मसाला न घालता. रानातल्या अळंबीला यापेक्षा चांगली जोड मला माहीत नाही.

प्रश्न : अशीच एक बाटली वर्ध्याला मामांच्या साठीसाठी न्यायची आहे. नेऊ का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : नाही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि वाइन त्यातून सुटत नाही. मामांना नागपूरला बोलवा.

प्रश्न : आमच्या नागपुरात बर्गंडी सहसा मिळत नाही, मिळालीच तर भाव ऐकून परत यावं लागतं. मुलगी पॅरिसहून येणार आहे. तिला काय आणायला सांगू?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : वर्षानुवर्षे आयात वाइनवर दीडशे टक्के शुल्क होतं, त्यामुळे आपल्याकडच्या फळीवर चांगली आणि परवडणारी बर्गंडी दिसली नाही. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत शुल्क न भरता आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि ३७५ ची एक अर्धी बाटली त्यात बसते. अर्धी बाटली जरूर मागवा, दोघांच्या जेवणाला ती नेमकी पुरते.

गावं सांगते. डिजोंला लागून मार्साने, त्याच्या दक्षिणेला थोड्या अंतरावर फिसँ. खाली दक्षिण टोकाला सांतने आणि मारांज. त्याहून खाली गेलं तर जिव्री आणि मर्क्युरे, जिथं रेडच मुख्य. मला विचाराल तर पहिली जिव्री घ्यावी. फळ मोकळं असतं आणि नवख्या जिभेला पटकन ओळख देते. वर्ष २०२१ मिळालं तर उत्तम. २०१६ ची एखादी दिसली तर तीही सोडू नये. त्या वर्षीही एप्रिलअखेरीस हिम पडून पीक बुडालं होतं, मात्र पुढचा उन्हाळा चांगला गेला, त्यामुळे रेड जास्त भरदार उतरल्या. दोन्ही तुटपुंजी वर्षं, पण चव अगदी निराळी. शेजारी ठेवून प्यायला मिळाल्या तर भाग्य समजा.

मुलीला मोठ्या दुकानात जाऊ देऊ नका. लहान दुकानात जाऊन, शेतकऱ्यानं स्वतः बाटलीत भरलेली मागायला सांगा. लेबलावर ‘मी-झाँ-बुतेय ओ दोमेन’ असं छापलेलं असतं. आणि बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, लोकरी कपड्यांत गुंडाळून. ती एप्रिल-मेमध्ये येणार असेल तर विमानतळावरून येताना बॅग डिकीत टाकू नका, आत एसीत पायाशी ठेवा. सोनेगावहून सदरला पोचेपर्यंत बंद डिकीत दुपारी जे तापमान होतं, ते एवढ्या नाजूक वाइनला सोसत नाही. घरी आल्यावर आठवडाभर बाटल्यांना हात लावायचा नाही, प्रवासातली घुसळण बसू द्यायची.