ती हॉलमध्ये कधीपासून झोपते?

ताई,
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेत ताप-खोकल्याची साथ आहे म्हणून महिनाभरापासून वर्गात मास्क सक्तीचा केलाय. मला हे अजिबात पटलेलं नाही. कोविडमध्ये मुलांनी सोसलं तेवढं पुरे झालं नाही का? मुलांचे चेहरे झाकायचे, मोकळा श्वास घेऊ द्यायचा नाही, आत कार्बन डायऑक्साइड साठतो असंही मी वाचलंय. पालकांच्या ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. सक्ती मागे घ्या, असं निवेदन मी लिहिलंय, त्यावर ४१ सह्या झाल्यात. नवरा मात्र शाळेच्या बाजूने. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना जुना दमा आहे. तो मुलीला म्हणाला, "तू मास्क काढलास आणि आजीला काही झालं तर?" एवढ्या लहान मुलीला असं घाबरवायचं असतं का, तुम्हीच सांगा. मी सोडायला जाते तेव्हा गेटवर तिचा मास्क काढून माझ्या पर्समध्ये ठेवते. तो सोडतो तेव्हा ती घालून जाते. मुलीची काही तक्रार नाही, फार समजूतदार आहे. पूर्वी आजीजवळ झोपायची, आता आपणहून हॉलमध्ये झोपते, मोठी झाली. प्रश्न आमच्या दोघांचा आहे. रोज सकाळी भांडण. बरोबर कोण? आणि निवेदन देऊ की नको?
– एक आई

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मास्क, शाळा, ग्रुप, सह्या हेच डोळ्यांसमोर होतं. दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले आणि तिथून पुढे सरकता येईना. "पूर्वी आजीजवळ झोपायची, आता आपणहून हॉलमध्ये झोपते, मोठी झाली."

कधीपासून?

पत्रात ते नाही. पण तुम्ही आठवायला बसलात तर दिवस सापडेल. तो शाळेच्या नियमानंतरचा असेल आणि तुमच्या नवऱ्याच्या त्या वाक्यानंतरचा असेल, असं मला फार वाटतं. चुकत असेन तर मला आनंदच होईल. पण नऊ वर्षांची मुलं एका महिन्यात मोठी होत नाहीत हो. जिच्या कुशीत इतकी वर्षं झोपली, तिच्याजवळून उशी उचलून हॉलमध्ये आणायची, आणि का ते कुणाला सांगायचं नाही, एवढं सगळं एखादं मूल करतं तेव्हा त्यामागे काहीतरी असतं.

तिच्या जागी जरा बसून बघा. बाबा सोडायला आले, मास्क तोंडावर राहिला, म्हणजे आज आजीला धोका नाही. आई सोडायला आली, मास्क पर्समध्ये गेला. मग आज रात्री काय? बाबा म्हणाले होते, आजीला काही झालं तर? आईला सांगावं तर आई चिडणार, बाबांना सांगावं तर आईचं नाव पुढे येणार, आणि सकाळी पुन्हा भांडण. आजीला विचारावं तर आजीच घाबरेल. या सगळ्यातून तिनं स्वतःपुरता एक नियम काढला: आजीजवळ जायचंच नाही. तुम्ही ज्या सक्तीविरुद्ध ४१ सह्या गोळा केल्यात ती शाळा सुटली की सुटते. या पोरीनं स्वतःवर घातलेली सक्ती रात्रभर सुटत नाही.

आणि तुम्ही तिला समजूतदार म्हणता. मला या शब्दाचा राग येतो, तो तुमच्यावर काढते आहे, काढू द्या. समजूत घालणं हे आपलं, मोठ्यांचं काम. तुमच्या घरात ते कुणी केलं नाही, म्हणून मुलीनं स्वतःची समजूत स्वतःच घातली.

मी सात वर्षांची होते तेव्हा मला गोवर आला आणि माझ्यामागून धाकट्या भावाला. त्याला फार जड गेलं. घरात आलेल्या कुणीतरी सहज म्हटलं, "हिनंच शाळेतून आणला." बोलणारं माणूस बोलून निघून गेलं. मी नंतर कितीतरी दिवस भावाच्या पांघरुणाला हात लावत नव्हते. त्याची वाटी वेगळी ओळखू यावी म्हणून तिच्या बुडाला चिकटपट्टी लावली होती. आईला वाटलं, खेळ चाललाय. ती चिकटपट्टी मला अजून दिसते, कडेनं काळी पडलेली. तुमच्या पत्रातली हॉलमधली उशी वाचली आणि पहिली तीच आठवली.

आता नवऱ्याचं वाक्य. ते वाईटच होतं. आईच्या काळजीपोटी आलं असेल, तरी नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवायचं ओझं ते नव्हे. पण त्याबद्दल मी त्याला पत्र लिहीत नाहीये, तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही ते वाक्य ऐकलंत, तुम्हाला ते लागलं, आणि मग तुम्ही ते नवऱ्याविरुद्धचा पुरावा म्हणून जपून ठेवलंत. मला लिहून पाठवण्याइतकं जपलंत. मुलीजवळ बसून ते तिच्या मनातून काढायला मात्र गेला नाहीत. उलट दिवसाआड गेटवर मास्क काढून घेत राहिलात, म्हणजे ज्या गोष्टीची भीती त्यानं तिला घातली, तीच गोष्ट तुमच्या हातून तिच्याकडून घडत राहिली.

बरोबर कोण, हे विचारलंत म्हणून सांगते, पण त्यावर फार वेळ घालवणार नाही. कार्बन डायऑक्साइडची भीती सोडून द्या. त्याचे रेणू इतके बारीक असतात की कापडातून, सर्जिकल मास्कमधून सहज आरपार जातात. २०२१ च्या जूनमध्ये मुलांच्या मास्कमध्ये हा वायू धोकादायक पातळीवर साठतो असं सांगणारा एक लेख नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मोजमापाच्या पद्धतीवर शंका आल्यावर जुलैमध्ये त्याच नियतकालिकानं तो मागे घेतला. पहिली बातमी जगभर फिरली, दुसरी तेवढी फिरली नाही.

मास्कचा उपयोग किती, यावर भल्या भल्यांचे वाद झालेत. बांगलादेशात सुमारे ६०० गावांत मोठा प्रयोग झाला. ज्या गावांत सर्जिकल मास्क वाटून ते वापरायला लावले, तिथे लक्षणांसह झालेला कोविड साधारण ११ टक्क्यांनी कमी दिसला, आणि साठीच्या पुढच्या माणसांत त्याहून बराच जास्त फरक पडला. पण तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता. २०२३ च्या जानेवारीत कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास तपासून आढावे काढणाऱ्या संस्थेचा मास्कवरचा आढावा आला तेव्हा "मास्क निरुपयोगी ठरले" अशी ओरड झाली, आणि मार्चमध्ये कॉक्रेनच्याच मुख्य संपादकांना सांगावं लागलं की हा अर्थ चुकीचा आहे, उपलब्ध अभ्यासांवरून ठाम निष्कर्ष निघत नाही एवढंच त्यात आहे. मुलांचं वय कोणतं धरायचं यावरही एकमत नव्हतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं वयाच्या दोन वर्षांपासून मास्क सांगितला, तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तो लावायची गरज नाही म्हटलं. तेव्हा तुमचं म्हणणं वेड्यासारखं आहे असं मी म्हणणार नाही. चेहरा दिसण्याचा तुमचा मुद्दा तर खराच आहे. ज्या मुलांना कमी ऐकू येतं ती शिक्षकांच्या ओठांकडे बघून शिकतात, त्यांच्यासाठी शाळेनं सवलत ठेवलीच पाहिजे.

पण त्याच ऑगस्ट २०२० च्या सूचनांमध्ये तुमच्या मुलीच्या वयाबद्दल, म्हणजे सहा ते अकरासाठी, काय होतं ते बघा. सरसकट नियम नव्हताच. परिस्थिती बघून ठरवा, असं होतं. साथ किती आहे, मुलाला मास्क नीट वापरता येतो का, त्याच्या शिकण्यावर आणि मनावर काय परिणाम होईल, शेजारी बघायला मोठं माणूस आहे का, आणि मुलाचा संबंध ज्यांना आजार जड जाऊ शकतो अशा वृद्ध किंवा आजारी माणसांशी येतो का. तुमच्या घरातली आजी त्या यादीत आहे. मुलीचं मनही त्याच यादीत आहे. ग्रुपवर भांडताना नवऱ्यानं पहिलं उचललं, तुम्ही दुसरं उचललं, आणि ज्या घरात दोन्ही आहेत तिथे दोघांनी एकत्र बसून काही ठरवलंच नाही.

म्हणून उद्यापासून मास्क तुमच्या पर्समध्ये जाणार नाही. कुणीही सोडायला जा, तो तिच्या तोंडावर राहील, साथ ओसरेपर्यंत. यात तुम्ही हरलात असं नवऱ्याला वाटलं तर वाटू दे. मुलीला रोज सकाळी "आज कोण सोडणार?" याचा अंदाज घ्यावा लागू नये, याची किंमत त्यापेक्षा मोठी आहे. निवेदन बाजूला ठेवा, साथ गेल्यावरही ते देता येईल.

पण मला तुमच्याकडून हवं आहे ते आज रात्रीचं आहे. नवऱ्याला पाठवू नका, तुम्ही जा. मुलीची उशी उचला, तिचा हात धरा आणि तिला सासूबाईंच्या खोलीत घेऊन जा. त्यांच्यासमोर तिला सांगा की आजीला कधी खोकला झाला, दमा उसळला, दवाखान्यात जावं लागलं, तरी ते तुझ्यामुळे नसेल. फ्लू लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागू शकतो. कुठून आला, कुणी आणला हे मोठ्या माणसांनाही कळत नाही. तो बाबांकडून येऊ शकतो, माझ्याकडून येऊ शकतो, दारात आलेल्या पाहुण्याकडून येऊ शकतो. आजीला जपायचं काम आमचं. दरवर्षीची फ्लूची लस तिला द्यायची का ते डॉक्टरांना आम्ही विचारू, खोलीची खिडकी आम्ही उघडी ठेवू, आम्हाला खोकला झाला तर घरात मास्क आम्ही लावू. तुला ताप आला तर त्या दिवसांपुरती तू कुठे झोपायचंस तेही आम्हीच सांगू. तुला ठरवायचं नाही.

हे शेवटचं वाक्य नीट, सावकाश म्हणा. त्याचीच तिला गरज आहे.

सासूबाईंनाही बोलू द्या. नात अंथरुणातून गेली हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं होणार नाही. त्याही तुमच्यासारखंच स्वतःला सांगत असतील, मोठी झाली म्हणून. नाहीतर त्यांना वाटत असेल की आपल्या खोकल्यानं पोरीची झोप मोडते. एका घरात दोन माणसं एकमेकींना त्रास नको म्हणून वेगवेगळ्या खोल्यांत जागी आहेत, आणि तुम्ही दोघं सह्या मोजताय.

ती लगेच काही बोलणार नाही कदाचित. उशीचा कोपरा चिवडत बसेल. मग कधीतरी, दिवा घालवल्यावर, अंधारात विचारेल, "आणि आई, मी मास्क काढला होता त्या दिवशी?" तेव्हा तुम्ही तिथे असा. गेटवर तो काढून घेणारे हात तुमचे होते, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकू द्या.