लेबलवर पाच गाणी, तबकडीवर सहा पट्टे

प्रश्न : आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत राहतो. गेल्या महिन्यात लॅम्बर्टव्हिलच्या जुन्या बाजारात एका वयस्क बाईंकडून गोल्ड रेकॉर्डची फ्रेम घेतली, म्हणजे भरपूर खपलेल्या अल्बमचा मान म्हणून देतात ती सोनेरी तबकडी. त्यांचे यजमान रेडिओ स्टेशनवर होते; खालच्या धातूच्या पट्टीवर त्या स्टेशनचंच नाव आहे. घरी आणून निरखली तर लेबलवर पाच गाणी छापलेली आणि सोनेरी तबकडीवर एकेका गाण्याचे पट्टे मोजले तर सहा! मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हाला गंडवलं. खरंच नकली असेल का? एकदा वाजवून बघू का?

उत्तर : आधी हे सांगतो, वाजवू नका. सुईने मुलाम्यावर ओरखडा पडला की तो परत भरून येत नाही.

पट्टे जुळत नाहीत एवढ्यावरून फ्रेम नकली ठरत नाही. जुन्या अमेरिकन फ्रेमांत हे सर्रास सापडतं. बनवणारे हाताशी येईल ती तबकडी घेत, तिला मुलामा देत आणि वर हव्या त्या अल्बमचं लेबल चिकटवत. माझ्याकडच्या एका फ्रेमच्या लेबलवर चार गाणी आहेत. खिडकीशी नेऊन, टॉर्च आडवा धरून मोजले, तर पट्टे सात. कुणाचं गाणं त्या सोन्याखाली झाकलं गेलंय, हा विचार आजही ती फ्रेम पुसताना मनात येतो.

तुम्ही तबकडी सोडा, पट्टीवरचा मजकूर वाचा. रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजे आरआयएए, ही तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना १९५८ पासून गोल्ड देते. तेव्हा अल्बमसाठी प्रती मोजत नसत, घाऊक भावाने १० लाख डॉलरची विक्री बघत. ५ लाख प्रतींची अट १९७५ मध्ये आली. म्हणून पट्टीवर ‘दहा लाख डॉलरहून अधिक’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर तबकडीमागचा माउंट पांढरा, कापडासारख्या पोताचा आणि आता पिवळटलेला असायला हवा. मजकूर एका काळातला आणि माउंट दुसऱ्या काळातला निघाला, तर मात्र शंका घ्या. आरआयएएचा होलोग्राम दिसला तर फ्रेम १९८५ किंवा त्यानंतरची, मग अल्बम कितीही जुना असो. तीही अस्सल असू शकते, कारण जुन्या अल्बमच्या फ्रेमा पुढेही बनवून घेतल्या जात. फक्त तिला जुन्या फ्रेमची किंमत देऊ नये.

मी हे पैसे घालवून शिकलो. एका लिलावात आरआयएएचं चिन्ह आणि १९७३ साल असलेली प्लॅटिनम फ्रेम घेतली. आरआयएएचं प्लॅटिनम, म्हणजे गोल्डच्या वरचा मान, सुरूच झालं १९७६ मध्ये! तो महिना फार वाईट गेला. पण कंपन्या स्वतःहूनही असे मान देत आल्या आहेत, आणि तेही खरेच. १० फेब्रुवारी १९४२ रोजी अमेरिकन बँडप्रमुख ग्लेन मिलरला सोनेरी तबकडी मिळाली, ती त्याच्या आरसीए व्हिक्टर कंपनीकडून, एका गाण्याच्या १२ लाख प्रती खपल्या म्हणून. आरआयएए तेव्हा नव्हतीच.

स्टेशनच्या नावाने हिरमुसू नका. एकाच अल्बमच्या कितीतरी फ्रेमा बनत. निर्माते, कंपनीतली माणसं, रेडिओवाले, सगळ्यांना जात. गायकाच्या नावाच्या फ्रेमेला भाव जास्त, हे खरं. पण ते गाणं रोज लोकांच्या कानी घालणारा माणूस रेडिओवरच बसलेला होता, आणि मला या फ्रेमा मनापासून आवडतात.

फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नका. काचेवर फवारा मारू नका, फडक्यावर घेऊन पुसा. मागचा कागद फाडून आत डोकावू नका. त्यावर फ्रेमवाल्याची जुनी चिठ्ठी असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. आणि त्या बाईंचा नंबर घेतला असेल तर आजच फोन करा. यजमान स्टेशनवर कोणत्या साली, कोणत्या कामावर होते, फ्रेम कुठे टांगलेली असायची, हे त्यांच्याच हातचं लिहून मागा. तो कागद फ्रेमला चिकटवू नका, वेगळ्या पाकिटात ठेवा.