कमी माहितीतल्या कादंबऱ्यांवर लोक इतकं उलटसुलट का लिहितात? स्टार बघून पुस्तक घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा की फारशा न गाजलेल्या कादंबरीवर एक जण 'अप्रतिम' लिहितो आणि त्याच्याच खाली दुसरा 'पैसे पाण्यात', मग विश्वास कुणावर ठेवायचा. आणि शेवटी जाता जाता विचारलंय की प्रोग्रामिंगची गाईडं तरी स्टार बघून घ्यायला हरकत नाही ना. ही शेवटची ओळ वाचली आणि ताटावरनं उठून लिहायला बसलोय. हरकत आहे. लई हरकत आहे.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, कॉस्टिंगला (खर्चाच्या हिशोबाला) आहे. 2018 ची गोष्ट, वय 38, दिवसभर एक्सेलमध्ये मान घालून बसायचं, हीटला (भट्टीच्या एका खेपेला) स्क्रॅप किती गेलं, पिग म्हणजे कच्चं लोखंड किती, रिजेक्शन किती निघालं, सगळं हातानं भरायचं. कुणीतरी म्हटलं पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिका, चार ओळीत होतंय हे. आमचे दाजी पुण्यात आयटीत आहेत, त्यांना फोन लावला, दोन मिनिटात लिंक आली. 780 पानांचं गाईड, 650 रुपये, साडेचार स्टार. म्हटलं दाजी तुम्ही वाचलंय का हे? तर म्हणाले, अरे एवढी माणसं पाच स्टार देतात ती काय खुळी आहेत काय.

पुस्तक आलं, रात्री पोरं झोपल्यावर बसलो. पहिलाच प्रोग्राम, प्रिंट लिहायचं आणि पुढं डबल कोटात आपलं नाव, कंस नाही काही नाही. मी पायथनच्या साइटवरनं त्यावेळचं ताजं 3.7 उतरवून घेतलेलं. एंटर मारला की लाल अक्षरात सिंटॅक्स एरर. आता गंमत बघा, ती एरर स्वच्छ सांगत होती की प्रिंटला कंस राहिलाय, कंस घाल. आणि पुस्तक म्हणत होतं कंस नाही. मी कुणाचं ऐकलं? पुस्तकाचं. छापलेलं आहे म्हणजे बरोबरच असणार ही शाळेपासनंची सवय. मग कोट बदलून बघितले, की-बोर्ड बदलला, पायथन काढून परत इन्स्टॉल केलं, तीन रात्री गेल्या. दाजींना फोन केला तर म्हणे स्पेस बघ, इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा) बघ. दाजी जावा या दुसऱ्याच भाषेवाले, त्यांनी पायथन कधी उघडलेलं नाही हे मला फार नंतर कळलं.

कंसाचं कोडं चौथ्या दिवशी ऑफिसातल्या ट्रेनी पोरानं सोडवलं. पुढं वापरणाऱ्याकडून माहिती घ्यायची आज्ञा म्हणून रॉ इनपुट आलं, तर असलं नावच माहीत नाही म्हणून नेम एरर. तेही त्यानंच सांगितलं, नुसतं इनपुट लिहा, आणि आकडा पाहिजे असेल तर त्याला इंटमध्ये (पूर्णांक करून देणाऱ्या आज्ञेत) घाला. बरं, इथवर ठीक आहे, एरर येते म्हणजे निदान कळतं तरी की काहीतरी चुकलंय. खरा घोळ भागाकारात झाला, कारण तिथं एररच येत नाही.

पुस्तकात लिहिलंय की दोन पूर्णांकांचा भागाकार केला की पूर्णांकच येतो, 7 भागिले 2 म्हणजे 3, उरलेलं गळून पडतं. मला तर हेच पाहिजे होतं. 500 किलोचं लॅडल म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, एका बॉक्सला म्हणजे साच्याला, रनर-रायझर (धातू आत जायच्या वाटा) धरून 18 किलो धातू, तर एका लॅडलमध्ये किती बॉक्स भरतील. पुस्तकातलंच उदाहरण उचलून त्यात माझे आकडे घातले, सगळ्या पार्टचा तक्ता काढला आणि कधी नव्हे ते मोठ्या रुबाबात प्रिंट मारून मोल्डिंगला (साचे करणाऱ्या खात्याला) पाठवला, न बघता. 27 च्या जागी 27.777 आणि पुढं सातांची रांग. मोल्डिंगचे सुपरवायझर तो कागद घेऊन वर आले आणि चार माणसांत म्हणाले, 'साहेब, पाऊण बॉक्स कसा वतायचा ते पण कॉम्प्युटरला विचारून सांगा.' ते अजून मला पाऊणसाहेबच म्हणतात.

तर झालं होतं असं की ते गाईड होतं पायथन 2 चं. पायथन 3 आलं डिसेंबर 2008 ला, म्हणजे मी पुस्तक घेतलं तेव्हा दहा वर्षं होत आली होती, आणि 2 चा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला बंद होणार हेही जाहीर झालेलं होतं. 3 मध्ये साध्या भागाकाराला अपूर्णांक येतो, पूर्णांक पाहिजे असेल तर दोन तिरप्या रेघा द्यायच्या. एवढंच. दोन रेघांपायी माझं नाव पडलं. आणि पुस्तकाच्या आतल्या पानावर काय छापलेलं? पुनर्मुद्रण 2017. मी ते बघूनच खूश झालेलो की नवीन आहे म्हणून. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर परत छापला, आवृत्ती नवी म्हणजे कुणीतरी बसून दुरुस्त्या केल्या, हा फरक ज्याला कळला त्याचे 650 वाचले. कादंबरीचं बरोबर उलटं असतंय बघा, तिथं पुनर्मुद्रण दिसलं की समजायचं कुणीतरी अजून वाचतंय, आणि मजकुराला कुणी हात लावलेला नाही हेच चांगलं.

रागानं एक स्टार द्यायला गेलो. तर साइट म्हणते तुम्ही या पुस्तकाचा रिव्ह्यू आधीच दिलाय. बघितलं तर खरंच माझाच, डिलिव्हरी आली त्या दिवशीचा. पाच स्टार. 'पॅकिंग एक नंबर, वेळेच्या आधी मिळाले, नक्की घ्या.' आणि 41 जणांना तो उपयुक्त वाटलेला. म्हणजे दाजी ज्या खुळ्या नसलेल्या माणसांबद्दल बोलत होते त्यात मी पण होतो.

हे सगळं भाऊबीजेला जेवताना निघालं आणि दाजी काय म्हणावेत, तर म्हणे पुस्तकात काही खोट नाही, तू रात्रंदिवस कादंबऱ्या वाचतोस म्हणून तुझं डोकं लॉजिकला चालत नाही, कादंबरीवाल्याला काय, कुणी काही म्हटलं तरी खरं. ताई म्हणाली जाऊ दे, पुरणपोळी घे. मी पुरणपोळी घेतली पण ते बोलणं काही गिळलं नाही अजून.

कारण कादंबरीवाल्यांचं भांडण किती मुद्द्याचं असतं ते दाजींना माहीतच नाही. आमच्या पेठेतल्या वाचनालयात टारफुला आहे, शंकर पाटलांची. आता शंकर पाटील म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कथाकथन येतं, मिरासदार, माडगूळकर आणि हे, पोट धरून हसायचं. त्या तयारीनं माणूस टारफुला उघडतो आणि आत गावातली सत्ता, दहशत, माणसं एकमेकांना कशी खातात ते. नावच बघा, टारफुला म्हणजे जोंधळ्याच्या मुळावर जगणारं तण. वाचनालयाच्या त्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'विनोद कुठे आहे?' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'विनोद पाहिजे असेल तर कथासंग्रह न्या, वरचा कप्पा.' आणि त्याखाली तिसऱ्यानं, 'भांडू नका, पुस्तक वाचनालयाचे आहे.' या तीन ओळींत मला कळलं की पहिला माणूस का नाराज झाला, आणि मी होणार नाही. पुस्तकात लिहू नये हे मान्यच आहे, पण एवढी कामाची माहिती मला साडेचार स्टारात मिळाली नाही.

तसंच राजन गवसांचं चौंडकं. जोगतिणीची कादंबरी. आमच्या ऑफिसातला एक जण वीस पानांवर थांबला, म्हणाला असलं घाण कशाला लिहायचं. माझी आत्या गडहिंग्लजकडची, तिनं चष्मा लावून सलग दोन दिवसांत संपवली आणि नुसतं म्हणाली, 'हे मी बघितलंय.' दोघंही खरंच बोलले. आता साइटवर एकाचा एक स्टार आणि एकाचे पाच, सरासरी तीन, आणि ते तीन वाचून तुम्हाला काय कळलं? काही नाही. कृष्णात खोतांच्या रिंगाणला 2023 चा साहित्य अकादमी मिळाला, मग पुरस्काराचं ऐकून घेतलेल्यांपैकी काही जण म्हणायला लागले भाषा कळत नाही. अहो विस्थापितांची कादंबरी आहे, ती माणसं सदाशिव पेठेतली मराठी कशाला बोलतील! आम्हाला इकडं ती भाषा घरची, त्यामुळं आमचे पाच स्टार पण फुकटच समजा तुम्ही, तुम्ही नागपूरचे किंवा ठाण्याचे असाल तर.

म्हणून माझं म्हणणं, स्टार बघू नका, तक्रार वाचा. 'फार संथ', 'काही घडतच नाही', 'गावठी शिव्या आहेत', यातली तक्रार तुम्हाला चालणारी असेल तर पुस्तक बिनधास्त घ्या. नुसतं अप्रतिम, नितांतसुंदर, अंगावर काटा लिहिणाऱ्यानं बहुतेक नुसता मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचलेला असतो. तीन स्टारवाला माणूस सगळ्यात कामाचा, कारण त्याला काय खटकलं ते सांगायची त्याला गरज वाटलेली असते. आणि शक्य असेल तर वाचनालय लावा. आमच्याकडं करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासनं आहे, तुमच्याही गावात काहीतरी असेलच, तिथं मागच्या पानावर तारखांचा कागद असतो, पुस्तक किती जणांनी नेलं आणि किती दिवसांत परत केलं ते त्यावर दिसतं. दुसऱ्याच दिवशी परत आलेलं पुस्तक म्हणजे काय ते सांगायला नको. आता कुणी म्हणेल एका रात्रीत वाचून काढलं असेल. असेलही.

प्रोग्रामिंगला मात्र हे चालत नाही. तिथं पुस्तक आवडलं-नावडलं याला अर्थ नाही, त्यातलं उदाहरण आज चालतंय का नाही एवढाच प्रश्न. कुठल्या व्हर्जनचं आहे ते आधी बघायचं, नमुना म्हणून दिलेली पानं उघडून एक उदाहरण स्वतः टाइप करून बघायचं, आणि रिव्ह्यू वाचायचे तर ज्यानं धडा सहा-सात पर्यंत गेल्याची खूण दिलीय त्याचेच. जाडीवर जाऊ नका, सी भाषा ज्यानं बनवली त्या डेनिस रिचींचं कर्निगनबरोबरचं पुस्तक तीनशे पानांच्या आत आहे.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर अन्याय होईल. ते गाईड अगदीच टाकाऊ नव्हतं. लूप आणि लिस्ट मला त्यातनंच कळलं, समजवायची पद्धत चांगली होती, आणि जुनं पायथन 2.7 इन्स्टॉल करून बसलो असतो तर सगळं चाललंही असतं. दाजींनी पण वाईट हेतूनं दिलेलं नाही. पण चूक कुणाची होती हा प्रश्न वेगळा आणि तो अजून मिटलेला नाही.

गेल्या दिवाळीत दाजी म्हणाले दे बघू तुझी एक कादंबरी, बघतो काय असतंय त्यात एवढं. मी वाचनालयातनं आणलेली टारफुलाच दिली, पेन्सिलीच्या ओळींसकट. मध्ये फोनवर विचारलं कशी वाटली, तर म्हणाले, 'भाषा जरा अवघड आहे रे, पण ते खाली भांडलेत ते भारी आहे.' म्हणजे तेवढ्या पानापर्यंत पोचलेत. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर सांगतो, निवांत वाचा, पण चौथं पान संपायच्या आत कंटाळला असाल तर परत पाठवून द्या. कार्ड माझं आहे आणि दंड रोजचा चढतोय.