पाच संगणकांना मिळून एकच टेक

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. शाहूपुरीत आमचं डीटीपीचं ऑफिस आहे. पूर्वी पत्रिका, हँडबिलं करायचो. आता क्लासवाल्यांची गणित-फिजिक्सची पुस्तकं, विद्यापीठातल्या मुलांचे प्रबंध आणि हंगामात साखर कारखान्यांचे अहवाल. समीकरणांमुळे टेक या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर आलो आणि आता मराठी मजकूरही त्याच्याच झीलाटेक या प्रकारात लावतो. चार संगणक विंडोजचे, एक लिनक्सचा. टेक लाइव्ह, म्हणजे टेकचा तयार संच, मात्र प्रत्येकावर ज्याला जेव्हा जमलं तेव्हा टाकलंय. मागं एक पुस्तक २०८ पानांत बसवून पार्टीला कोटेशन दिलं. शेवटच्या दुरुस्त्या शेजारच्या संगणकावर केल्या, तर तेच पुस्तक २०९ पानांवर गेलं. मजकूर तोच, माणूस तोच. आता वाटतं, लिनक्सवाल्या संगणकालाच सर्व्हर करावं, टेक तिथं एकदाच टाकावं आणि सगळ्यांनी तिथूनच चालवावं. मुलगा म्हणतो, "हळू चालेल आणि लायसनचाही घोळ होईल." तुमचं काय मत?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : २०८ म्हणजे सोळा पानी तेरा फर्मे (एका मोठ्या कागदावर एकदम छापायची सोळा पानं म्हणजे एक फर्मा), बरोबर बसलेले. २०९ झालं की त्या एका पानापायी नवी प्लेट, नवा कागद, आणि पंधरा पानं कोरी. पार्टी वर विचारणार, "मागं कोरी पानं का सोडली?" हे दुखणं छपाईवाल्यालाच ठाऊक.

मुलाचं म्हणणं निम्मं खरं आहे. लायसनचा घोळ अजिबात नाही. टेक लाइव्हमधलं सगळं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पाच काय पन्नास संगणकांवर चालवा, कुणी विचारायला येणार नाही. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरला मात्र हा न्याय लावू नका. डाँगलवर चालणारं मराठी टायपिंग किंवा महिन्याच्या भाड्याचं पानजुळणीचं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या अटी वेगळ्या. हळू चालण्याबद्दल पुढं बोलते, कारण तो दोष बहुतेक वेळा टेकचा नसतो, वायरिंगचा असतो.

आधी ते २०९वं पान कुठून आलं ते बघू. टेक परिच्छेदातल्या ओळी एकेक करून तोडत नाही. अख्खा परिच्छेद समोर ठेवून कुठं तोडलं तर सगळ्यात बरं दिसेल याचा हिशेब करतं. त्यामुळं एखाद्या पॅकेजनं (टेकला जोडायच्या जादा सोयींच्या फाइली म्हणजे पॅकेज) शीर्षकाखालची जागा जरा बदलली, किंवा फाँटच्या नव्या आवृत्तीत एक जोडाक्षर केसभर रुंद झालं, की कुठंतरी एक ओळ वाढते, ती पुढच्या पानावर जाते, तिथलं चित्र त्याच्या पुढच्या पानावर. मजकूर, पॅकेजं आणि फाँट तिन्ही तंतोतंत सारखी असतील तर पानंही सारखीच पडतात. तुमच्याकडं तिघांपैकी दोन गोष्टी वेगळ्या आहेत. खात्री करायची असेल तर दस्तऐवजाच्या पहिल्या ओळीत 'लिस्टफाइल्स' ही आज्ञा टाका आणि दोन्ही संगणकांवर चालवा. लॉग फाइलच्या शेवटी प्रत्येक पॅकेजची तारीख आणि आवृत्ती छापून येते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की चोर सापडतो.

म्हणून माझं मत : एकच टेक ठेवा, आणि ते डिस्कची जागा वाचवायला नव्हे. जागा हल्ली स्वस्त आहे, सगळं मिळून सात-आठ जीबीचा मामला. एकच टेक ठेवायचं ते कुठल्याही खुर्चीवर बसलं तरी तीच पानं पडावीत म्हणून.

टेक लाइव्ह अशा वापरासाठीच बांधलेलं आहे. त्यात कुठंही 'मी अमुक ड्राइव्हवर आहे' असं पक्कं लिहिलेलं नसतं. प्रोग्रॅम स्वतः जिथं आहे तिथून वर दोन पायऱ्या मोजून बाकीच्या फाइली शोधतो. म्हणून अख्खं फोल्डर उचलून दुसरीकडं ठेवलं तरी चालतं आणि नेटवर्कवरूनही चालतं. लिनक्सवर इन्स्टॉल करा, मग टीएलएमजीआर या टेक लाइव्हच्या देखभालीच्या प्रोग्रॅमला 'प्लॅटफॉर्म अॅड विंडोज' सांगा. बिन फोल्डरमध्ये लिनक्सच्या शेजारी विंडोजचे प्रोग्रॅम येऊन बसतात. पॅकेजं, फाँट, बाकी सगळं दोघांना सामायिक. इन्स्टॉल करताना 'पोर्टेबल' नावाचा पर्याय दिसेल, नावाला भुलू नका. तो पेनड्राइव्हसाठी आहे. त्यात प्रत्येकाच्या खाजगी फाइलीसुद्धा त्याच फोल्डरात लिहिल्या जातात, म्हणजे पाच जण एकाच वहीत खरडणार.

मग ते फोल्डर सांबामधून (लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम) शेअर करा, पण फक्त वाचण्यापुरतं. लिहिण्याचा हक्क एकाच खात्याला, आणि त्याचा पासवर्ड एकाच माणसाकडं. ऑफिसात कोण तो माणूस हे तुम्ही ठरवा, मात्र 'सगळ्यांना माहीत असलेला बरा' असं म्हणू नका. विंडोजवर ते शेअर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून चारही संगणकांवर एकाच अक्षराला जोडा, समजा टी. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा नेटवर्कचा पत्ता तसाच वापरला तर विंडोजची काळी कमांड खिडकी रुसते, तिला ड्राइव्हचं अक्षर लागतं. पुढं सर्च पाथमध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत, टी ड्राइव्हवरचं बिन फोल्डर टाकायचं. हेच काम टीलाँच नावाचा छोटा प्रोग्रॅमही करून देतो. तो टेक लाइव्हबरोबरच येतो. त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला की पहिल्यांदा उघडल्यावर त्या वापरणाऱ्यापुरता पाथ आणि फाइलींची जोडणी लावून मोकळा होतो. (इकडच्या निवडणुकीतल्या जोडण्यांपेक्षा ही फार सोपी.)

जुनी टेक मात्र चारही संगणकांवरून काढून टाका. ती पाथमध्ये आधी आली तर तुम्ही नव्या टेकच्या भरवशावर बसाल आणि आतून जुनंच चालत राहील. तेवढ्यावरही भागत नाही. प्रत्येकाच्या घरफोल्डरात 'टेक्सएमएफ' नावाचं फोल्डर असेल तर त्यातली स्टाइल फाइल (पॅकेजची फाइल) सर्व्हरवरच्या फाइलीच्या आधी उचलली जाते. आणि कामाच्या फोल्डरात कुणी स्टाइल फाइल कॉपी करून ठेवली असेल, तर ती त्याहून आधी. तिसरी जागा म्हणजे 'डॉट टेकलाइव्ह' आणि पुढं साल अशा नावाचं फोल्डर. नेटवरचा सल्ला वाचून कुणी 'अपडमॅप-यूजर' किंवा 'एफएमटीयूटिल-यूजर' ही आज्ञा चालवली असेल, तर फाँटच्या याद्यांची किंवा टेकच्या तयार फाइलींची त्याची खाजगी प्रत तिथं तयार होते आणि सर्व्हरवर तुम्ही काहीही बदललं तरी त्या बिचाऱ्याला ते दिसत नाही. असं वाटलं तर त्या फोल्डरचं नाव बदलून बघा, लागेल ते टेक पुन्हा बनवून घेतं. एखादी फाइल नेमकी कुठून येतेय हे 'केपीएसईविच' या आज्ञेला तिचं नाव देऊन विचारलं की पूर्ण पत्ता मिळतो.

फाँटचं दुखणं याहून चिवट. झीलाटेकमध्ये फाँट नुसत्या नावानं मागवला तर तो त्या त्या संगणकात बसवलेल्या फाँटांतूनही उचलला जातो. एकाकडं मुक्ता फाँटची जुनी आवृत्ती, दुसऱ्याकडं नवी, तिसऱ्याकडं नाहीच. म्हणून तुम्ही वापरता ते देवनागरी फाँट सर्व्हरवर टेक्सएमएफ-लोकल या आपल्या स्वतःच्या फाइलींसाठीच्या फोल्डराच्या आत, फाँट्समधल्या ओपनटाइप किंवा ट्रूटाइप फोल्डरात ठेवा, 'एमकेटेक्सएलएसआर' चालवा आणि दस्तऐवजात फाँट त्याच्या फाइलच्या नावानं मागवा, शेवटच्या टीटीएफ किंवा ओटीएफसकट. ती एमकेटेक्सएलएसआरची पायरी विसरू नका. टेक दर वेळी डिस्क धुंडाळत बसत नाही, फाइलींच्या नावांची एक तयार यादी वाचतं. नवी फाइल यादीत नसेल तर समोर असूनही ती त्याला दिसत नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका फाँट टेक लाइव्हमध्येच मिळतो, त्याच्यासाठी ही खटपटही नको.

आता वेग. तुमच्या मुलाला नेटवर्क कार्डाच्या स्टेटस खिडकीत बघायला सांगा, वेग एक जीबीपीएस दिसतोय की १०० एमबीपीएस. कार्ड आणि स्विच दोन्ही गिगाबिट असूनही १०० दिसत असेल तर केबलची टोकं तपासा. १०० च्या वेगाला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला आठही तारा नीट बसाव्या लागतात. आपल्याकडं घाईत केलेल्या क्रिम्पिंगमध्ये (केबलला प्लग बसवण्यात) एखादी तार हटकून हुकते आणि वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. वायफायवरून मात्र हा उद्योग करू नका. टेक शेकडो बारक्या फाइली उघडतं, आणि वायफायवर प्रत्येक उघडझापीला थोडा थोडा उशीर होतो. अँटिव्हायरस टी ड्राइव्हवरची प्रत्येक फाइल तपासत असेल तर त्यालाही तिथून सूट द्या. लुआलाटेक हा झीलाटेकचा भाऊ वापरत असाल तर नव्या वापरणाऱ्याला पहिल्या वेळी बराच वेळ थांबावं लागेल. ते फाँटांची यादी बनवत असतं आणि ती त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवतं. दुसऱ्या वेळेपासून ठीक.

अपडेटबद्दल मी जरा कडक आहे. टेक लाइव्हची दर वर्षी नवी आवृत्ती येते, साधारण मार्चच्या आसपास, आणि मग मागच्या वर्षीची जिथं आहे तिथं गोठते. बाकीच्यांना ते गैरसोयीचं वाटतं, छपाईवाल्याला ते वरदान आहे. नवी आवृत्ती तिच्या सालाच्या वेगळ्या फोल्डरात बसते, जुनी तशीच राहते आणि टेक्सएमएफ-लोकल दोघींना सामायिक. म्हणून ज्या पुस्तकाचं काम ज्या सालच्या टेकवर सुरू झालं ते त्यावरच संपवा. पुनर्मुद्रण निघालं तरी तेच साल वापरा. हातातलं पुस्तक चालू असताना टीएलएमजीआर अपडेट कुणीही करायचं नाही. कारखान्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, त्यामुळं ऑगस्ट-सप्टेंबरात तर त्या खात्याचा पासवर्ड कपाटात ठेवा.

सर्व्हर बंद पडला तर पाचही माणसं हात बांधून बसणार, ही या पद्धतीची खरी अडचण. तिला उपाय आहे. अख्खं फोल्डर हलवता येतं म्हटलं ना, मग रात्री रोबोकॉपी या विंडोजच्या आज्ञेनं त्याची हुबेहूब प्रत एका विंडोज संगणकाच्या डिस्कवर उतरवत जा. सर्व्हर गेला तर तिथून काम चालू. नेटवर्क फारच कुरकुरलं तर चारही संगणकांवर अशीच प्रत उतरवा आणि तिथूनच चालवा. मूळ एकच असल्यामुळं पानं सारखीच पडतील. मला तर ही दुसरी पद्धतही तितकीच पसंत आहे.

आणि शाहूपुरीत आहात म्हणून सांगते, सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघितलं असेल. वरच्या मजल्यावर, यूपीएसला जोडून, आणि यूपीएसवर स्विचही. नुसता सर्व्हर चालू आणि स्विच बंद, याचा उपयोग शून्य.

प्रश्न : आम्ही दोघी एकाच पुस्तकाची वेगवेगळी प्रकरणं शेअर केलेल्या फोल्डरात लावतो. अनुक्रमणिका मधूनच अर्धवट येते, आणि कधी पीडीएफ 'लिहिता येत नाही' असा एरर येतो.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : तुम्ही दोघी एकाच फोल्डरात एकाच वेळी टेक चालवताय. अनुक्रमणिका आणि संदर्भांचे आकडे टेक काम करताना बनवतं त्या ऑक्स आणि टीओसी फाइलींत लिहिले जातात. एकीचं लिहून होईतो दुसरीचं त्यावर येतं. प्रकरणांच्या फाइली सामायिक असू देत, टेक मात्र आपापल्या संगणकावरच्या प्रतीत चालवा. 'इन्क्लूडओन्ली' ही आज्ञा वापरली तर आपलंच प्रकरण लागेल आणि पानांचे आकडेही जुन्या हिशेबानं राहतील. पूर्ण पुस्तक एकीनंच लावायचं. पीडीएफचा एरर येतो तो अॅक्रोबॅटमध्ये ती उघडी असते म्हणून, तो फाइल धरून ठेवतो. सुमात्रा पीडीएफ वापरा, ते धरत नाही, बदल झाला की आपोआप नवं पान दाखवतं.

प्रश्न : टेकमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. मराठीचे कसे आणायचे?
– एक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ

उत्तर : फाँटस्पेक या पॅकेजमध्ये फाँट मागवताना 'स्क्रिप्ट'ला देवनागरी आणि 'लँग्वेज'ला मराठी द्या. फाँटमध्ये मराठी वळणाची अक्षरं असतील तर ती येतील, नसतील तर आज्ञा देऊनही येणार नाहीत, फाँट बदलावा लागेल. प्रबंध छापायला देण्याआधी 'सुऱ्या' आणि 'सूर्या' हे दोन शब्द एका ओळीत लावून बघा. पहिल्यातला अर्धा र आडवा आणि दुसऱ्यातला रफार वर दिसला तर फाँट कामाचा.